पायाचं तीर्थ आणि राजीनामा

आमच्या आईचा एका अमेरिकन माणसावर राग होता. तो माणूस मरून तीनशे वर्षं झाली होती, पण आईला त्याचं काही नव्हतं. भाकरी थापता थापता ती त्याला शिव्या घालायची. "त्या मुडद्यानं माझा संसार बुडविला," म्हणायची. पाहुण्यांना वाटायचं, गावातलाच कुणी सावकार-बिवकार असेल.

तो माणूस आमच्या घरात आला एका पुस्तकातून. अण्णा, म्हणजे माझे वडील, हैदराबादला एम. ए. करत होते तेव्हा त्यांनी रस्त्यावरच्या जुन्या बाजारात एक कव्हर फाटलेलं इंग्रजी पुस्तक घेतलं. अमेरिकेत अगदी सुरुवातीला जी कॉलेजं निघाली, त्यांच्या प्रमुखांची चरित्रं त्यात होती. हे सगळे प्रमुख धर्मोपदेशक. रविवारी चर्चमध्ये प्रवचन द्यायचं आणि सोमवारी पोरांना लॅटिन शिकवायचं. अण्णांना हे फारच आवडलं, कारण अण्णाही दोन्ही होते. आम्ही जंगम, लिंगायतांचे पुरोहित. मुखेडजवळच्या खेड्यात आमचा लहानसा मठ होता, आणि आजोबांनंतर त्या पंचक्रोशीची सगळी धार्मिक कामं अण्णांकडे आली होती. त्यात ते शिकले, आणि अहमदपूरला कॉलेज काढायचं ठरलं तेव्हा लोकांनी त्यांनाच पहिले प्राचार्य केलं. स्वामीही आपला आणि प्राचार्यही आपला, म्हणून लोक खूश होते.

त्या पुस्तकातल्या एका माणसाची गोष्ट अण्णा दर वर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगायचे. घरीही सांगायचे, त्यामुळे मला ती पाठ होती. हा माणूस तरुणपणीच एका नव्या कॉलेजचा प्रमुख झाला. इमारत अर्धवट, पैसा नाही, पोरं मोजकी. त्यानं खपून ते उभं केलं. मग त्याच्या मनानं घेतलं, की तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणं बरोबर नाही, ज्याला कळतं त्यानंच तो मागावा. त्याला स्वतःला मूल झालं आणि त्यानं बाप्तिस्मा करून घेतला नाही. झालं. सगळं गाव उलटलं आणि त्याला कॉलेज सोडावं लागलं. ऐन हिवाळ्याच्या तोंडावर घर खाली करायची वेळ आली, घरात बाळ आजारी. त्यानं विनंती केली, की थंडी सरेपर्यंत राहू द्या. तेवढं मात्र त्याला राहू दिलं.

लहानपणी मला वाटायचं, काय हा हट्टी माणूस. चार थेंब पाणीच तर टाकायचं होतं बाळाच्या डोक्यावर. माझं मत आजही फारसं बदललेलं नाही.

आमच्याकडे पाण्याच्या जागी लिंग असतं. लिंगायताच्या घरात मूल जन्मलं की जंगमाला बोलावतात. तो बाळाच्या कपाळाला भस्म लावतो आणि एक लहानसं इष्टलिंग कापडात गुंडाळून बाळाच्या अंगावर बांधतो. ते मग जन्मभर अंगावर राहतं आणि पुरताना माणसासोबतच जातं. अण्णांनी असं किती बाळांना लिंग बांधलं याचा हिशेब नव्हता. मुखेडच्या बाजारात त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे शिक्षाच. दर दहा पावलांवर कुणीतरी चप्पल काढून पायाशी वाकायचं आणि पोराला पुढे ढकलून म्हणायचं, तुम्हीच बांधलंय की याला.

कॉलेज सुरू झालं मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या मागे, पत्र्याच्या खोल्यांत. उन्हाळ्यात आत बसवत नसे, पावसाळ्यात ऐकू येत नसे. ऐकू न येण्याचा प्रश्न लवकरच मिटला, कारण पाऊस यायचाच बंद झाला. बहात्तरच्या दुष्काळात कॉलेजात पोरंच उरली नाहीत. सगळी सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. मास्तरांनी आपापली गावं गाठली. संस्थेच्या लोकांनी सांगितलं, दोन वर्षं बंद ठेवू, पाऊस पडल्यावर बघू. अण्णांनी ऐकलं नाही. फळा, खडू आणि हजेरीपट घेऊन ते रस्त्याच्या कामावर गेले. दुपारी काम थांबायचं, मजूर सरकारकडून मिळालेली सुकडी खायला लिंबाखाली बसायचे, तेव्हा अण्णा तिथंच इतिहास आणि इंग्रजी शिकवायचे. पोरांच्या हातांना फोड आलेले असायचे. त्यांना पेन धरता येत नसे, म्हणून अण्णा सगळं तोंडीच घ्यायचे.

त्या कामावरही लोक त्यांचे पाय धुवायचे. जंगमाचे पाय धुऊन ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायचं अशी रीत आहे. टँकरच्या पाण्याला मारामाऱ्या होत होत्या, बाया रात्रभर विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरत होत्या, आणि तरीही कुणीतरी तांब्या जपून ठेवलेला असायचा स्वामींच्या पायांसाठी. अण्णा पाय मागे घ्यायचे. ते पाणी लेकरांना पाजा म्हणायचे. लोकांना ते अपमानासारखं वाटायचं आणि मग अण्णा निमूटपणे पाय पुढे करायचे.

तिथंच ते घडलं. हे मला आईनं सांगितलं, अण्णांनी कधीच नाही. कामावरच्या बाया तान्ही पोरं बाभळीच्या फांदीला झोळी बांधून निजवत. त्यातल्या एका बाळाला हगवण लागली होती. सरकारी डॉक्टरची जीप त्या दिवशी कामावर आलेली होती, थोड्याच अंतरावर उभी होती. बाळाचा बाप त्याला घेऊन धावत सुटला, पण जीपकडे नाही, अण्णांकडे. बाळाला लिंग बांधायचं राहून गेलं होतं, दुष्काळात कुणाला बोलावणार, आणि आता ते तसंच गेलं तर काय, याची त्या माणसाला जास्त भीती होती. अण्णांनी त्याला जीपकडे पाठवलं नाही. फळा बाजूला ठेवला, हात धुतले, भस्म काढलं, मंत्र म्हटले, लिंग बांधलं. सगळं रीतीप्रमाणे, न घाई करता. तोवर जीप पुढच्या कामावर निघून गेली होती. बाळ संध्याकाळी गेलं. आणि त्या बापानं अण्णांचे पाय धरले आणि म्हणाला, तुमचे उपकार झाले.

आई म्हणायची, त्या रात्री अण्णा जेवले नाहीत, तेव्हा तिला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल. पण नंतर त्यांनी कुठल्याच तान्ह्या बाळाला लिंग बांधलं नाही. ज्याला मागता येईल त्याला देईन, असं आईला एकदाच बोलले. बाकी कुणाला काही सांगितलं नाही. बोलावणं आलं की म्हणायचे, मला परीक्षा आहेत, मठात माझा चुलतभाऊ बसतो, त्या स्वामींना घेऊन जा. लोकांना ते पटायचं. प्राचार्य म्हणजे कामाचा माणूस. दहा वर्षं हे असंच निभावलं, आणि मी घरात राहून मलाही ते कळलं नाही. आईला मात्र कळलं होतं, की हे त्या पुस्तकातलं आहे. पुस्तक नसतं तर दोन महिने रडले असते आणि विसरले असते, असं तिचं म्हणणं. तिच्या शिव्या सुरू झाल्या त्या तेव्हापासून.

दुष्काळ संपला. खडी फोडणारी पोरं बी. ए. झाली, कुणी तहसीलमध्ये चिकटलं, कुणी अण्णांच्याच हाताखाली प्राध्यापक झालं. कॉलेजला दगडी इमारत आली. आणि मग लातूर जिल्हा झाला. तोवर आम्ही उस्मानाबादचे होतो, साध्या दाखल्यासाठीही बस बदलत तिकडं जावं लागायचं, त्यामुळे आनंद खरा होता. फटाके वाजले, पेढे वाटले. पण नवा जिल्हा झाला की नव्या खुर्च्या येतात, आणि ज्यांनी आयुष्यात कॉलेजचं फाटक ओलांडलं नव्हतं तेही आता संचालक मंडळाच्या मीटिंगला इस्त्रीचे कपडे घालून यायला लागले. दुष्काळात कॉलेज बंद करा म्हणणारेच आता आम्ही हे रोपटं जगवलं असं भाषणात सांगायचे. अण्णा पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायचे. मला भयंकर चीड यायची. अण्णांना म्हटलं की ते हसायचे, कॉलेज चालून राहिलं ना, मग म्हणू दे की.

त्याच वर्षी मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले. सासर माझं उदगीरचं. तेही जंगमच, पण दोन पिढ्यांपासून कापडाच्या दुकानात बसलेले, आणि दुकानात बसणाऱ्यांना असतो तसा रीतीभातीचा भारी अभिमान. मुलगी झाली. सासरची माणसं बारशाला येणार, आणि आजोबाच स्वामी, मग लिंग कोण बांधणार हा प्रश्नच कुणाला पडला नाही. मलाही नाही.

बारशाच्या दिवशी अंगणात मांडव होता. उदगीरची माणसं, संस्थेचे अध्यक्ष, प्राध्यापक, शेजारपाजार, सगळे जमले. सासूबाईंनी बाळाला अण्णांच्या मांडीवर ठेवलं. चांदीच्या ताटात लिंग, भस्म, बेल. अण्णांनी बाळाकडे पाहिलं, तिच्या कपाळावरून बोट फिरवलं आणि ताट बाजूला सारलं. परीक्षेचं कारण नातीपुढे चाललं नसतं, हे त्यांना कळत होतं. त्यांनी सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं, की मी तान्ह्या बाळाला बांधत नाही, दहा वर्षं झाली बांधत नाही, ही मोठी होऊन मागेल तेव्हा देईन. एवढंच. खडीच्या कामावरचं बाळ, जीप, यातलं काहीही त्यांनी सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर निदान चार बाया तरी रडल्या असत्या आणि आमच्या बाजूनं झाल्या असत्या. पण स्वतःच्या बाजूनं काही सांगायचं म्हटलं की अण्णांची जीभ उचलत नसे.

 सासूबाईंनी बाळ उचलून माझ्याकडे दिलं आणि जेवण न करता त्या निघून गेल्या. त्यांच्यामागे उदगीरची सगळी माणसं गेली. पुरणाच्या पोळ्या तशाच राहिल्या. आई दोन दिवस त्याच वाटत होती.

गावात बोलणं सुरू झालं. स्वामीच लिंगाला नाही म्हणतो, मग कॉलेजात पोरांना काय शिकवत असेल? दहा वर्षांत ज्यांच्या घरी अण्णा गेले नव्हते त्यांना आता एकेक आठवायला लागलं. संचालकांत एक जण होता, त्याचा भाचा परभणीकडे कुठंतरी प्राध्यापक होता आणि त्याला इकडं आणायचं होतं. असा माणूस असला की बोलण्याला पाय फुटतात. तरी अध्यक्ष वाईट नव्हते. मोंढ्यातले मोठे आडते, अण्णांना फार मानायचे. ते एकटेच घरी आले आणि ओसरीवर बसून त्यांनी अण्णांना समजावलं, की संचालकांनी या विषयावर मीटिंग बोलावलीय, तिच्या आधी एखाद्या सोमवारी नातीला लिंग बांधा, मी चार माणसं घेऊन येतो, बघितलं म्हणून सांगतो, विषय संपला. मी दारातून ऐकत होते. मनात म्हटलं, अण्णा, हो म्हणा.

अण्णा म्हणाले, "अप्पा, तुमच्या पोरांना म्या बांधलंय. तवा मला वाटत होतं म्हणून बांधलं. आता वाटत न्हाई, तर कसं बांधू?"

अध्यक्षांनी निवलेला चहा खाली ठेवला. मग म्हणाले, स्वामी, माझ्या हातात काही राहणार नाही, आणि उठले.

मीटिंग झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष आणि चार संचालक घरी आले. मला वाटलं, आले, बोलणार, भांडणार. पण त्यांनी आईला परात आणि पाणी मागितलं. अण्णांना पाटावर बसवलं. अध्यक्षांनी स्वतः त्यांचे पाय धुतले, भस्म लावलं, फुलं वाहिली, नमस्कार केला. प्रत्येकानं तळहातावर घेऊन ते पाणी प्यायलं. भाच्यासाठी धडपडणाऱ्या संचालकानंही घेतलं, आणि दोनदा घेतलं. आई दाराशी उभी होती, तिच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला होता, तिला वाटलं मिटलं. मग अध्यक्षांनी खिशातून टाईप केलेला राजीनामा काढला, परातीतल्या ओल्या फुलांवर पडू नये म्हणून जपून अण्णांच्या पुढे ठेवला, आणि वर पेन ठेवलं.

लोक मला विचारतात, तू एवढी कडवट का. मी त्यांना हे सांगते आणि ते म्हणतात, म्हणजे त्यांना आदर होता की. हो, होता. आदर खोटा असता तर मला सोसलं असतं.

अण्णांनी सही केली. इंग्रजीत एक चूक होती, ती दुरुस्त करून मग सही केली. घर संस्थेचं होतं, अण्णांनी विचारलं, किती दिवसांत सोडू. अध्यक्षांनी बाळंतीण घरात आहे म्हणून दोन महिने दिले. हे ऐकून आई आत गेली आणि चुलीपुढे बसून पुन्हा त्या अमेरिकेतल्या माणसाला शिव्या द्यायला लागली. या वेळी मला हसू आलं नाही.

मी वाट बघत होते पोरांची. कॉलेजातली आताची पोरं नाहीत, खडी फोडणारी. ती आता मोठी माणसं होती, त्यातली तिघं तर तिथंच शिकवत होती. मला वाटत होतं, मोर्चा नाही तरी एखादं निवेदन, तेही नाही तर घरी येऊन नुसतं बसतील. एकजण आला. तो अण्णांच्या पाया पडला आणि म्हणाला, सर, आमच्या नोकऱ्या कायम व्हायच्यात. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला लवकर पाठवून दिलं, कारण कुणी बघितलं असतं. मला त्याचं मुस्काट फोडावंसं वाटलं. भाचा पुढच्याच आठवड्यात रुजू झाला.

आणि मग उदगीरहून माझे मालक आले. ते बाळाला बघायला आले असं मी समजले, आणि त्यांनी बघितलंही, मांडीवर घेतलं, खेळवलं. पण ते निरोप घेऊन आले होते. सासूबाईंनी सांगितलं होतं, लिंगाशिवाय पोर उंबऱ्याच्या आत येणार नाही. मी म्हटलं, मठातल्या स्वामींना बोलावू, आज बांधू. ते मान खाली घालून म्हणाले, नाही. ज्या हातानं भरल्या मांडवात ताट सारलं, त्याच हातानं बांधलं पाहिजे, नाहीतर उदगीरात तोंड दाखवायला जागा नाही. तसं नसेल तर तुम्ही दोघी इथंच राहा. शेवटचं वाक्य त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मला त्यांची दया आली.

मी तेव्हा एकवीस-बावीस वर्षांची होते. घर दोन महिन्यांत जाणार, अण्णांना पगार नाही, आईचा दमा वाढलेला, आणि मी अंगावर पिणारं पोर घेऊन कुठं राहणार होते? मी अण्णांकडे गेले. ते पुस्तकं पोत्यात भरत होते. मी त्यांना सगळं सांगितलं आणि म्हणाले, बांधा. कॉलेजसाठी नाही बांधलं, माझ्यासाठी बांधा. मला त्याचं आजही काही वाटत नाही. बाप असताना दुसऱ्या कुणाला मागणार? आज मागायची वेळ आली तरी मागेन.

अण्णांनी विचारलं नाही, की तुला काय वाटतं, तुला माझं पटतं का. त्यांनी पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलं, गाठ मारली, आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता, सकाळी आंघोळ करून पाटावर बसले. मांडव नाही, माणसं नाहीत. मी, आई, माझे मालक. त्यांनी भस्म लावलं, मंत्र म्हटले आणि लिंग बांधलं. एकही अक्षर चुकलं नाही. बाळ रडलं नाही. आई आनंदानं रडली. मी अण्णांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं, कारण मला जे हवं होतं ते मिळालेलं होतं.

बातमी दुपारपर्यंत मोंढ्यात पोचली. अध्यक्ष संध्याकाळी आले. खरंच हळहळले. हेच महिनाभर आधी केलं असतं तर, स्वामी, असं तीन-तीनदा म्हणाले. आता नवीन माणूस रुजू झालेला, काही करता येत नाही म्हणाले. अण्णांनी त्यांना फाटकापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आम्हाला एस.टी. स्टँडवर सोडायला आले. मालक तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. उदगीरची गाडी लागलेली होती, पण ड्रायव्हर चहाला गेला होता. मी आत खिडकीशी जाऊन बसले, बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. स्टँडवर कॉलेजची पोरं उभी होती, त्यांनी अण्णांना नमस्कार केला आणि अण्णांनीही हात जोडले. मला वाटलं काहीतरी बोलावं, म्हणून म्हटलं, अण्णा, जाऊ द्या, तुम्ही मनातून बांधलं नाही ना, देवाला कळतं ते. कॉलेज गेलं ते तुम्ही खऱ्याला धरून राहिलात म्हणून गेलं, हे लोक कधी ना कधी म्हणतील.

अण्णांनी खिडकीच्या गजाला धरलं होतं. ते माझ्यावर रागावले नव्हते, आवाजही नेहमीचाच होता.

"काल सकाळपर्यंत तसं म्हणता येत होतं, बाई," ते म्हणाले. "आता ते कशापायी गेलं, म्हून कुणी विचारलं तर मला सांगता यायचं न्हाई."

मग मालक तिकिटं घेऊन आत आले, ड्रायव्हर आला, त्यानं दार आपटून घेतलं, आणि अण्णांनी गजावरचा हात काढला.